केमाल पाशा आणि हुकमाची सुधारणा

राजकीय स्वातंत्र्य आधी की सामाजिक सुधारणा आधी, हा टिळक-आगरकरांच्या वेळचा वाद महाराष्ट्रास नवा नाही. परंतु तो केवळ तर्काने सुटणारा नव्हे. ज्या पुरुषाने एकाच जन्मात दोन्ही कार्ये शिरावर घेतली, त्याचे चरित्र या वादात उत्तम साक्षीदार होय. म्हणून तुर्कस्थानच्या मुस्तफा केमाल पाशांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

केमाल यांचा जन्म १८८१ साली सालोनिका येथे झाला. वडील आरंभी जकात खात्यात नोकर, पुढे लाकडाचे व्यापारी. ते लवकरच वारले. मुलगा लष्करी शाळेत शिकला आणि १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत नावारूपास आला. १९१८ साली तुर्कस्थानचा पराभव झाला, दोस्त राष्ट्रांनी राजधानीत पाय रोवले व सुलतान त्यांच्या तंत्राने वागू लागला. अशा वेळी १९ मे १९१९ रोजी केमाल सॅमसून बंदरी उतरले आणि २३ एप्रिल १९२० रोजी अंकारा येथे त्यांनी राष्ट्रसभा भरविली. सुलतानाच्या सरकारने त्यांस देहांताची शिक्षा फर्माविली. पण १९२२ साली ग्रीक फौजांचा मोड झाला आणि सुलतानाचेच तख्त गेले! १९२३ च्या लोझान तहाने परदेशीयांच्या व्यापारी सवलती व देशी न्यायालयांपासून त्यांस असलेली सूट रद्द झाली. आपल्याच बाजारात परक्यास झुकते माप मिळणे म्हणजे काय, हे ज्यांच्या आजा-पणजांनी भोगले त्या आमच्या व्यापारी वाचकांस फोड करून सांगावयास नको.

२९ ऑक्टोबर १९२३ रोजी प्रजासत्ताक स्थापन झाले व केमाल अध्यक्ष झाले. ज्या खिलाफतीसाठी हिंदुस्थानात १९१९ पासून चळवळ उभी राहिली, ती ३ मार्च १९२४ रोजी खुद्द तुर्कांच्या राष्ट्रसभेनेच मोडून टाकली. १९२६ साली स्वित्झर्लंडच्या धर्तीवर दिवाणी कायदा होऊन बहुपत्नीत्व बंद झाले. १९२८ साली लिपी बदलली. १९३४ साली स्त्रियांस राष्ट्रसभेच्या निवडणुकीत मताधिकार मिळाला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी केमाल निवर्तले.

ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजूही पाहिली पाहिजे. १९२५ साली कुर्दांचा उठाव चिरडण्यात आला, विरोधी पक्ष बंद झाला आणि ज्यांच्या निकालावर अपील नाही अशा खास न्यायासनांपुढे माणसे उभी राहिली. आरोपीस दाद मागण्याची सोय नसेल, तर त्या न्यायास न्याय म्हणण्यास आम्ही तयार नाही, मग हेतू कितीही उदात्त असो.

या दोन्ही बाजूंचा मेळ काळाने घातला आहे. १९३४ साली हुकमाने संग्रहालय झालेली आयासोफिया २०२० साली हुकमानेच पुन्हा मशीद झाली. उलट दिवाणी कायदा २००१ साली निवडून आलेल्या संसदेने नव्याने लिहिला, तेव्हा स्त्रियांचा हक्क घटला नाही, वाढला. कारण तोवर दोन पिढ्यांनी तो वापरून आपलासा केला होता.

तेव्हा आमचे मत असे की, स्वातंत्र्य व सुधारणा यांत आधी-नंतरचा तंटा व्यर्थ आहे. खरा प्रश्न सुधारणा कोणाच्या संमतीने होते, हा आहे. हुकमाने दार उघडते. पण ते उघडे ठेवावयास घरातलीच माणसे लागतात.