कोटितीर्थाकाठचे आबालाल

सहलीची बस कोल्हापूरला पोचली की आपला क्रम ठरलेला असतो. अंबाबाईचे दर्शन, नवा राजवाडा, संध्याकाळी रंकाळा आणि रंकाळ्यावर भेळ. गेल्या खेपेस आम्ही त्यात टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयाची भर घातली. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तूंपाशी मुले रेंगाळली, पण चित्रांच्या दालनातून भराभर बाहेर पडली. झाडे, पाणी, घाट. त्यात बघायचे काय, असा चेहरा! ती चित्रे काढणाऱ्या आबालाल रहिमान यांचे नाव एकाही विद्यार्थ्याने ऐकलेले नव्हते. खरे सांगायचे तर आम्हा शिक्षकांपैकीही दोघा-तिघांनाच ते ठाऊक होते. कोल्हापुरात आजही आदराने घेतले जाणारे हे नाव शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या बेळगावात पोचू नये, ही गोष्ट आम्हाला खटकली. म्हणून हा लेख.

आबालालांचा जन्म १८६० च्या सुमारास कोल्हापुरात झाला. त्यांचे मूळ नाव अब्दुल अजीज. घराण्यात कुराणाच्या प्रती सुंदर हस्ताक्षरात लिहून काढण्याचे काम चाले. बोरूने कागदावर एकेक अक्षर घोटताना पाहत वाढलेल्या मुलाचा हात स्थिर असावा, यात नवल नाही. पुढे ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि १८८८ साली त्यांना व्हाइसरॉयचे पदक मिळाले. त्या काळी अशा विद्यार्थ्याला मुंबईत राहून संस्थानिकांची आणि शेटसावकारांची व्यक्तिचित्रे काढत सुखाने जगता आले असते. पैसा आणि नाव त्यातच होते. आबालाल मात्र कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थ तलावाच्या परिसरात राहू लागले.

येथे थोडे थांबून एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आपल्याकडच्या जुन्या लघुचित्रांत झाडे-डोंगर असत, पण बहुधा देवामागे किंवा राजामागे. नुसता तलाव किंवा नुसती पायवाट हाच चित्राचा विषय, ही रीत कलाशाळांबरोबर आली. ती शिकलेले पुष्कळ होते, पण त्यासाठी जन्म वेचणारे थोडे. राजाचे चित्र राजा विकत घेतो. पायवाटेचे चित्र कोण घेणार?

आबालालांचे भाग्य असे की राजाच जाणता होता. १८९४ साली गादीवर आलेल्या शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. पोटाची चिंता काहीशी मिटली आणि आबालाल गावाच्या कडेकडेने फिरत राहिले. पंचगंगेचा घाट, कोटितीर्थ, रंकाळा, रंकाळ्याच्या पाण्यातला संध्यामठ. पावसाळ्यात तलाव भरला की हा दगडी मठ पाण्यात बुडतो आणि पाणी ओसरले की पुन्हा वर येतो. आज ज्याच्यासमोर सगळे फोटो काढतात तो शालिनी पॅलेस तेव्हा नव्हता. त्याचे बांधकाम १९३१ ते १९३४ मधले. आबालालांच्या रंकाळ्यावर होते ते पाणी, झाडे आणि उजेड.

जलरंग हातात घेतलेल्या मुलांना हे चटकन कळेल. जलरंगात चूक खोडता येत नाही. पाण्यावरची चमक पांढरा रंग लावून आणायची नसते, तेवढा कागद कोरा राखायचा असतो. म्हणजे कुंचला टेकवण्यापूर्वीच उजेड कुठे आहे हे ठरलेले हवे. आबालालांच्या उत्तरकाळच्या काही चित्रांत रंगांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी दिसतात. जवळून पाहिले तर नुसती गर्दी. चार पावले मागे सरकलो की झाडात वारा शिरतो. आमच्या मुलांनी नेमकी ही चार पावले मागे घेतली नाहीत, आणि आम्हीही त्यांना तसे सांगितले नाही. चूक आमचीच.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. त्या दुःखात आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगतात. काही जण हजारोंचा आकडा सांगतात. आकडा कोण मोजणार? पण आयुष्यभर ज्या पाण्याकडे पाहून चित्रे काढली त्याच पाण्याला ती परत करणारा माणूस डोळ्यांपुढे आला की मन गलबलते. त्याचबरोबर, आम्ही पालकही असल्यामुळे म्हणा, थोडा रागही येतो. ती चित्रे एकट्या त्यांची नव्हती. गेलेल्या कोल्हापूरचा चेहराच त्यांत होता.

२८ डिसेंबर १९३१ रोजी आबालाल गेले. बाबूराव पेंटर आणि त्यांच्या बरोबरीचे कोल्हापुरातले कलावंत आबालालांना गुरुस्थानी मानत. याच बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली.

हे एकट्या आबालालांचेच झाले असे नाही. म्हैसूरच्या सहलीत जगनमोहन राजवाड्यातली हाती दिवा धरलेली बाई पाहायला सगळे गर्दी करतात. ते चित्र काढणारे सावळाराम हळदणकर सावंतवाडीचे, म्हणजे आपल्या घाटाखालचे. जलरंगातली त्यांची निसर्गचित्रे कितीजणांनी पाहिली आहेत?

यंदा कोल्हापूरची सहल निघेल तेव्हा बस आधी टाउन हॉलला थांबेल, भेळ नंतर. प्रत्येकाने एक वही आणि शिसपेन्सिल सोबत घ्यावी. संध्याकाळी रंकाळ्यावर अर्धा तास कोणीही मोबाईल काढणार नाही, असे आम्ही शिक्षकांनी ठरवले आहे. संध्यामठ पाण्याबाहेर असला तर तो काढायचा, नसला तर पाणी.