गाडीच्या बॉनेटचा बाक गणितात पकडणारा माणूस : पिएर बेझिए

हिंजवडीच्या आयटी पार्कचा काही भाग मुळशीतल्या माण गावच्या हद्दीत येतो. तिथं कुणी कॅडवर गाडीचा पार्ट काढत बसलं असेल, तर स्क्रीनवरच्या वळणदार रेघेमागं एका फ्रेंच इंजिनिअरचं गणित असण्याची शक्यता खूप मोठी आहे.

त्यांचं नाव पिएर बेझिए. जन्म १९१० चा, पॅरिसचा. बाप आणि आजा दोघंही इंजिनिअर. आधी मेकॅनिकल, मग इलेक्ट्रिकल शिकून ते १९३३ मध्ये रेनो या मोटार कंपनीत लागले आणि तब्बल ४२ वर्षं तिथंच राहिले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेतही जावं लागलं.

आता तेव्हाची अडचण समजून घ्या. गाडीचा आकार आधी मातीत घडवायचे. त्यावरून ड्रॉइंग, ड्रॉइंगवरून साचे, साच्यांवरून पत्रा दाबायची डाय. प्रत्येक टप्प्यावर आकार हातानं उतरवला जायचा आणि दरवेळी थोडा हलायचा. शेवटी दरवाजा बसला नाही की चूक कुणाची, यावर भांडण ठरलेलं.

१९६० च्या सुमारास बेझिएंनी ठरवलं, आकार सरळ आकड्यांत लिहायचा आणि तेच आकडे मशीनला द्यायचे.

युक्ती अशी. चार बिंदू घ्या. रेघ पहिल्यावरून निघते आणि चौथ्यावर थांबते. मधले दोन तिला फक्त आपल्याकडं ओढतात. बिंदू हलवला की बाक बदलतो, पण रेघ कुठंच मोडत नाही. खरी मेख जोडावर असते. तिथं कोपरा राहिला तर कटर अडखळतो आणि डायवर व्रण उठतो. मग एका रेघेचा शेवटून दुसरा बिंदू, जोडाचा बिंदू आणि पुढच्या रेघेचा दुसरा बिंदू एका सरळ ओळीत ठेवायचे. कोपरा गायब.

कंपनीतल्या साहेबांना मात्र हे पटेना. एवढं सोपं असतं तर अमेरिकेनं आधीच केलं असतं, असं त्यांना ऐकवण्यात आलं. बेझिए हटले नाहीत. त्यांची ‘युनिसर्फ’ ही प्रणाली १९६८ पासून रेनोमध्ये कामाला लागली.

यात एक गंमत आहे, आणि थोडा अन्यायही. सिट्रोएन कंपनीतल्या पॉल द कास्टेल्जो यांना हेच गणित १९५९ च्या आसपास, म्हणजे आधीच सापडलं होतं. पण कंपनीनं ते कुलपात ठेवलं. बेझिएंनी आपलं काम जाहीरपणे छापलं, म्हणून जग त्या रेघांना ‘बेझिए कर्व्ह’ म्हणतं.

रेनो सोडल्यावर, १९७७ मध्ये, वयाच्या सदुसष्टीच्या आसपास त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळवली. १९९९ मध्ये ते वारले.

तोवर त्यांच्या रेघा कारखान्याबाहेर पडून छपाईत शिरल्या होत्या. मोबाईलवर आत्ता जो ‘माण’ शब्द वाचलात, त्यातल्या ‘ण’चा बाकही याच रेघांनी काढलेला आहे.