बालगंधर्वांची कान्होपात्रा

आपल्या हुबळी-धारवाडच्या जुन्या मराठी घरांत बालगंधर्व म्हटले की रुक्मिणी, भामिनी, सिंधू आठवतात. आम्हांला त्यांची कान्होपात्रा अधिक मोलाची वाटते.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म १८८८ चा. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत आले. ती काढणारे अण्णासाहेब सौंदत्तीजवळच्या गुर्लहोसूरचे. गुरू भास्करबुवा बखले, तेही एकेकाळी धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात गाणे शिकवत. कुंदगोळच्या रामभाऊंना लोक सवाई गंधर्व म्हणू लागले, ते मापही यांच्याच नावाचे. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. पुढे कर्जाचा डोंगर झाला. तरी भरजरी शालू, अत्तर, ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी, तिरखवाँसाहेबांचा तबला यांत काटकसर नाही.

हाच साज १९३१ मध्ये ‘कान्होपात्रा’ नाटकात विठ्ठलापुढे उभा राहिला. चाली मास्तर कृष्णरावांच्या. एवढ्या थाटात संतवाणी गुदमरायची. पण बालगंधर्वांनी शब्द कुठे मोडू दिला नाही. त्यात चोखोबांचा जोहारही होता. पंढरीच्या मंदिराचे दार चोखोबांच्या लोकांना उघडले ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. तोवर तिकीट काढून आलेली पांढरपेशी मंडळी नाट्यगृहात त्याच चोखोबांच्या अभंगाला माना डोलावत होती! १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त अस्पृश्यांच्या पंगतीला बसणारे एकनाथ बालगंधर्वच झाले.

उतारवयात पाय गेले, तरी बसून भजने गात. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.