त्रैराशिकाचे आचार्य : भास्कराचार्य



सातवी-आठवीत समप्रमाण व व्यस्त प्रमाण आले की पुष्कळ मुले रीत पाठ करून मोकळी होतात. तीन संख्या दिसल्या की गुणायचे, भागायचे आणि उत्तर लिहायचे. तीन राशींवरून चौथी काढण्याच्या या रीतीला जुन्या काळापासून त्रैराशिक म्हणतात. ती उत्तम रीतीने शिकवणाऱ्या एका महान गणितज्ञाची ओळख आज करून घेऊ.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. सह्याद्रीजवळचे विज्जलविड हे त्यांचे गाव. वडील महेश्वर ज्योतिषी होते व तेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ हा ग्रंथ रचला. ‘लीलावती’ हा त्यातील अंकगणिताचा भाग. अकबराच्या दरबारातील फैजीने इ. स. १५८७ मध्ये त्याचे फारसी भाषांतर केले. लीलावती ही आचार्यांची कन्या, ही गोष्ट मात्र दंतकथा समजावी.

विष्णूने जसे विश्व व्यापले आहे, तसे त्रैराशिकाने गणित व्यापले आहे, असे ते मानत. लीलावतीत केशराच्या भावाचे उदाहरण आहे. पैसे जास्त, तर केशर जास्त. हे समप्रमाण. पण धान्याचे उदाहरण पाहा. ७ आढकांच्या मापाने रास मोजली तर १०० मापे भरतात. ५ आढकांच्या मापाने किती भरतील? विचार न करता ५ ला १०० ने गुणून ७ ने भागले, तर उत्तर सुमारे ७१ येते. माप लहान झाले आणि मापांची संख्याही घटली! हे कसे शक्य आहे? रास तीच आहे, म्हणून लहान माप जास्त वेळा भरावे लागेल. ७ गुणिले १०० भागिले ५, म्हणजे १४० मापे. एक राशी वाढली की दुसरी घटते, तेथे व्यस्त त्रैराशिक वापरावे, असे आचार्यांनी स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे आधी संबंध ओळखायचा, मग आकडेमोड.

इ. स. ११८३ मध्ये, वयाच्या ६९व्या वर्षी, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. अभ्यास त्यांनी म्हातारपणीही सोडला नाही.

त्यांचे नातू चांगदेव हे देवगिरीच्या यादवांचे राजज्योतिषी. हीच देवगिरी पुढे १९५६ पर्यंत आपल्या हैद्राबाद राज्यात होती. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापला. तेथील इ. स. १२०७ च्या शिलालेखात मठाला मिळालेली दाने नोंदवली आहेत. त्याच्या जुन्या मराठीतील भागात गावातील प्रत्येक तेलघाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यावे असे लिहिले आहे. जितके घाणे, तितक्या पळ्या तेल. विद्यार्थ्यांनो, हे कोणते प्रमाण, सांगा बरे!

पालकांना विनंती की मुलांना किराणा आणायला बरोबर न्यावे. साखर दुप्पट घेतली तर पैसे किती? तीच साखर निम्म्या आकाराच्या डब्यांत भरली तर डबे किती? आधी वाढेल की घटेल एवढेच विचारावे. हे ज्याला सांगता आले, त्याला गणिताची भीती राहणार नाही.