कामगारांचा कैवारी : ना. म. जोशी

मैत्रिणींनो, मुंबईत लोअर परळला ‘ना. म. जोशी मार्ग’ अशी पाटी दिसते. जुनी माणसं अजून त्याला डिलाईल रोडच म्हणतात. आपल्या सोलापूरकडची कितीतरी माणसं त्या भागातून रोज जात असतील, पण हे जोशी कोण, असं विचारलं तर फार थोड्यांना सांगता येईल. आणि खरं तर गिरणी, कारखान्यात ज्यांच्या घरचं माणूस राबलं, त्या प्रत्येक बाईने हे नाव लक्षात ठेवायला हवं.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यातल्या गोरेगावचा. शिक्षण पुण्यात झालं. १९०१ मध्ये पदवी मिळाली आणि काही वर्षं त्यांनी शाळेत मास्तरकी केली. सरळमार्गी संसार करता आला असता. पण १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. तिथे मिळणार ते जेमतेम पोटापुरतं, आणि काम मात्र जन्मभराचं! (आपल्या गोदूताई परुळेकर, ज्यांच्या नावाने कुंभारीला विडी कामगार बायकांची घरकुलं उभी राहिली, त्याही पुढे याच संस्थेत होत्या.)

१९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावात रात्रीच्या शाळा, वाचनालयं, दवाखाने सुरू केले. चाळीत फिरता फिरता त्यांना कळत गेलं, की नुसत्या दयेने भागणार नाही. कामगाराला हक्क पाहिजे आणि तो कायद्यात लिहिलेला पाहिजे. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तेव्हा भारतातल्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तेच गेले. १९२० मध्ये आयटक ही देशातली पहिली मोठी कामगार संघटना उभी राहिली, तिच्या उभारणीत ते होते. १९२१ पासून कामगारांच्या वतीने ते दिल्लीच्या कायदेमंडळात बसले आणि पाव शतक तिथे कामगारांची बाजू मांडत राहिले.

त्या काळी गिरणीत अपघात झाला तर काय होई? पट्ट्यात हात सापडला, माणूस गेला, तर मालकाची चूक होती हे त्याच्या बायकोनेच दिवाणी कोर्टात सिद्ध करायचं. वकील, स्टॅम्प, तारखांवर तारखा. कपाळाचं कुंकू पुसलेली, पदरात लहान पोरं, लिहिता-वाचता येत नाही, अशी बाई कुठलं कोर्ट चढणार? मालकाने हातावर चार रुपये ठेवले आणि कागदावर अंगठा घेतला, की विषय संपला.

१९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. जोशी त्या वेळी कायदेमंडळात होते. या कायद्याने एक मोठी गोष्ट केली. भरपाईचे तंटे दिवाणी कोर्टाकडून काढून ‘कमिशनर’ या खास अधिकाऱ्याकडे दिले. मालकाची चूक दाखवण्याची गरज उरली नाही, काम करताना अपघात झाला एवढं पुरे. हक्क सोडल्याचा कागद करून घेतला तरी तो रद्द. आणि बायकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, कामगार दगावला तर भरपाई कमिशनरकडेच जमा करायची, आणि वारसांत तिची वाटणी त्यानेच करायची. पुढच्या दुरुस्तीने तर असं ठरलं, की मालकाने परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जाणार नाहीत. म्हणजे दीर-सासऱ्याने मधल्या मध्ये पैसे घेऊन टाकले, असं व्हायला नको!

कायदा परिपूर्ण होता असं नाही. भरपाई होती तीस महिन्यांचा पगार, आणि तीही जास्तीत जास्त अडीच हजार रुपये. घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका तर त्यात नव्हत्याच. जोशींना हे ठाऊक होतं. १९२९ मध्ये नेमलेल्या कामगारविषयक शाही आयोगावर सभासद म्हणून त्यांनी देशभरच्या कामगारांची स्थिती पाहिली. आयोगाच्या अहवालानंतर १९३३ मध्ये कायदा सुधारला.

बाळंतपणाच्या रजेसाठीही ते भांडले. कामकरी बाईला बाळंतपणात रजा आणि पैसे मिळावेत म्हणून १९२४ मध्ये त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात बिल आणलं. ते फेटाळलं गेलं. पण विषय एकदा चव्हाट्यावर आला तो आलाच. १९२९ मध्ये मुंबई प्रांताने असा कायदा केला, तो देशातला पहिला. साऱ्या देशासाठी कायदा व्हायला मात्र १९६१ उजाडलं. ते पाहायला जोशी नव्हते. ३० मे १९५५ रोजी त्यांचं निधन झालं.

स्वभावाने ते मवाळ. आरडाओरडा नाही, आकडे आणि पुरावे घेऊन बोलायचं. १९२९ मध्ये जहाल मंडळींशी मतभेद होऊन ते आयटकमधून बाहेर पडले, पुढे एकी झाल्यावर परत आले आणि १९४८ पर्यंत सरचिटणीसपद सांभाळलं. जहाल लोक त्यांना फार सौम्य म्हणत. पण त्या सौम्य माणसाने चिकाटीने जे पदरात पाडून घेतलं, ते कितीतरी घरांना पुरलं.

आता १९२३चा तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. ‘कमिशनर’ हे नाव जाऊन ‘सक्षम प्राधिकारी’ आलं. नाव बदललं, दार बदललं, तरी मूळ हक्क तोच आहे. सोलापुरात यंत्रमागावर, टॉवेल-चादरीच्या कारखान्यात कुणाच्या घरच्या माणसाला इजा झाली, तर घाईने कुठल्याही कागदावर सही-अंगठा करू नका. आधी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात किंवा युनियनमध्ये चौकशी करा. ईएसआयचं कार्ड असेल तर ईएसआयच्या कार्यालयात जा, कारण अशा कामगारांचा लाभ तिथून मिळतो.

शंभर वर्षांपूर्वी अंगठा उठवणाऱ्या बाईसाठी कायदेमंडळात कुणीतरी उभं राहत होतं. आज आपल्याला वाचता येतं. त्याचा उपयोग करून घेऊ या, शेजारणीलाही सांगू या.