भाकरी आणि पाटी

शाळेचे दार उघडे असले की शिक्षण सर्वांना मिळते, असा आपला समज असतो. परंतु त्या दारापर्यंत पोचलेल्या मुलाच्या पोटात अन्न आहे की नाही, हा प्रश्न त्याहून जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण महाराष्ट्रातील खेड्यांत चौथीच्या पुढे शिकण्याची सोय क्वचितच होती. पुढे शिकायचे तर तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे गाव गाठावे लागे. तेथे शाळा असे, पण राहायचे कोठे आणि खायचे काय?

त्या काळी गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून जेवत. म्हणजे आठवड्यातील प्रत्येक दिवशी एकेका घरी जेवायला जात. काही जण माधुकरी मागत. ही वाटही सोपी नव्हती. कोणाच्या तरी दारात उभे राहून मिळेल ते अन्न मान खाली घालून स्वीकारावे लागे. तरीही ती एक वाट होती. कुणबी, धनगर, रामोशी, महार, मांग यांच्या मुलांसाठी मात्र शहरातील कोणतेच दार उघडत नसे. त्यामुळे त्यांची पाटी भाकरीपाशीच अडत असे. ही अडचण ज्यांनी ओळखली आणि ती दूर करण्यासाठी आयुष्य वेचले, ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव पायगोंडा आणि आईचे गंगाबाई. त्यांचे मूळ गाव आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक हे होय. वडील महसूल खात्यात नोकरीला असल्यामुळे त्यांची बदली होईल तेथे कुटुंबाला जावे लागे. लहानपणापासून भाऊराव अंगाने दणकट आणि मनाने बंडखोर होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांना सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्यांनी तिचा रहाटच मोडून टाकला, अशी आठवण त्यांच्या बालपणाविषयी सांगतात.

पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला गेले आणि राजाराम हायस्कूलमध्ये शिकू लागले. तेथे ते जैन बोर्डिंगमध्ये राहत. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज त्या काळी निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारत होते. १९०१ मध्ये त्यांच्या प्रेरणेने मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू झाले आणि त्यामागून इतर अनेक समाजांची वसतिगृहे निघाली. विद्यार्थ्याला निवारा आणि अन्न मिळाल्यावाचून शाळा त्याच्या उपयोगाची नाही, हे महाराजांनी जाणले होते. भाऊरावांनी हे काम जवळून पाहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यापायी त्यांना आपले राहते बोर्डिंग सोडावे लागले. एका वसतिगृहातून बाहेर पडलेल्या या मुलाने पुढे कितीतरी मुलांना वसतिगृहाचा आसरा दिला.

भाऊरावांचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोचले नाही. पोटासाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या. नंतर ओगले यांच्या काचकारखान्याचे आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडले. नांगर विकताना त्यांना शेतकऱ्याचे खरे जीवन दिसले. जमीन कसणारा माणूस सावकाराच्या कागदावर अंगठा उठवत होता आणि त्या कागदावर काय लिहिले आहे हे त्याला ठाऊक नव्हते. नांगराने जमीन सुधारेल, पण माणूस सुधारण्यासाठी अक्षरच लागेल, ही गोष्ट त्यांच्या मनात पक्की झाली. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला होता. १९१९ मध्ये कराडजवळील काले या गावी सत्यशोधक समाजाची परिषद भरली. तेथे शिक्षणसंस्था काढण्याचा निश्चय झाला आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबर रोजी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. वडाचे झाड हे संस्थेचे बोधचिन्ह ठरले. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजून स्वतः खोड होतात, तसे येथे शिकलेल्या मुलाने दुसऱ्यांना आधार द्यावा, ही भावना त्यामागे होती.

१९२४ मध्ये संस्थेचे कार्यालय साताऱ्यास आले आणि तेथे भाऊरावांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. कोल्हापुरात प्रत्येक समाजाचे वसतिगृह वेगळे होते. साताऱ्यात मात्र मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुले एकाच छपराखाली राहू लागली, एकाच चुलीवरचे अन्न एकाच पंक्तीत बसून खाऊ लागली. शिवाशिवीच्या त्या काळात हे धाडस होते. मुलांच्या जेवणासाठी मदत करणाऱ्यांपैकी काहींना ही पंगत रुचत नसे. परंतु भाऊरावांनी पंक्ती कधी वेगळ्या होऊ दिल्या नाहीत. मुलाचे पोट भरावे आणि त्याचा मानही राहावा, या दोन गोष्टी त्यांच्या दृष्टीने एकच होत्या. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यास आले, तेव्हा त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

मुलांची संख्या वाढू लागली, तसा रोजच्या धान्याचा प्रश्न बिकट झाला. सरकारी अनुदान पुरेसे नव्हते आणि श्रीमंत देणगीदार थोडेच होते. भाऊराव गावोगाव फिरत आणि शेतकऱ्यांना आपल्या मुलांसाठी धान्य मागत. सुगीच्या दिवसांत खळ्यावर उभे राहून ते ज्वारी-बाजरीची मदत गोळा करीत. ज्या शेतकऱ्याला रोख रुपया देणे जड जाई, तो धान्य मात्र आनंदाने देई. त्या धान्यामुळे वसतिगृह गावांचे झाले. आपण दिलेल्या मापट्यावर कोणाचे तरी मूल शिकत आहे, हे त्या शेतकऱ्याला ठाऊक असे.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचा भार भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी उचलला. त्या सधन घरातून आलेल्या होत्या आणि जुन्या चालीरीतींत वाढल्या होत्या. अस्पृश्य मुलांना घरात घेऊन जेवू घालणे त्यांना आरंभी अवघड गेले. पण हळूहळू त्या सर्वच मुलांच्या आई झाल्या. आजारी मुलाच्या उशाशी त्या रात्र जागवीत आणि सणासुदीला सर्वांना गोडधोड करून घालीत. वसतिगृहाची तूट भरून काढण्यासाठी त्यांचे दागिने एकामागून एक गेले. एके दिवशी भाऊराव परगावी असताना कोठीतील धान्य संपले. संध्याकाळी मुलांच्या ताटात काय वाढायचे, हा प्रश्न उभा राहिला. अंगावर एक मंगळसूत्र तेवढे उरले होते. त्या काळातील सौभाग्यवती स्त्रीच्या लेखी त्याचे मोल सोन्यावरून ठरत नसे. लक्ष्मीबाईंनी ते काढून दिले. त्यातून धान्य आले आणि त्या रात्री मुले उपाशी झोपली नाहीत. १९३० मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले. वसतिगृहातील कितीतरी मुलांना आपली आई गेल्याचे दुःख झाले.

दानावर चालणाऱ्या जेवणात एक उणीव असते, हे भाऊराव जाणून होते. फुकट मिळणाऱ्या अन्नाने माणूस मिंधा होऊ शकतो. माधुकरी मागणाऱ्या मुलाची खाली झुकलेली मान त्यांना आपल्या मुलांत नको होती. म्हणून त्यांनी श्रमाची जोड दिली. वसतिगृहातील मुले दळण दळीत, स्वयंपाकात हात लावीत, पाणी भरीत, सरपण आणीत. शेतात नांगरणी, खुरपणी, कापणी करीत. संस्थेच्या इमारती उभ्या राहताना त्यांनी दगडमाती वाहिली. या सर्व कामांत जातीप्रमाणे वाटणी नसे. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याच्याजवळ दोन हात आहेत आणि त्या हातांनी तो आपली भाकरी व आपली विद्या दोन्ही मिळवू शकतो, हा विचार कमवा आणि शिका या योजनेच्या रूपाने पुढे महाराष्ट्रभर रुजला.

साताऱ्यात सुरू झालेले हे काम विस्तारत गेले. १९३२ मध्ये गांधीजी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यात पुणे करार झाला. त्याची आठवण म्हणून भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस सुरू केले. १९३५ मध्ये साताऱ्यात ग्रामीण शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय निघाले. तेथून बाहेर पडलेल्या तरुणांनी शेकडो खेड्यांत प्राथमिक शाळा चालविल्या. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव यांच्या नावाने विनाशुल्क निवासी हायस्कूल सुरू झाले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज स्थापन झाले. ही वाट सरळ नव्हती. स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात सरकारशी मतभेद झाल्याने संस्थेचे अनुदान थांबविण्यात आले. त्या अडचणीच्या काळात सामान्य लोकांनी संस्थेला हात दिला आणि पुढे अनुदान पूर्ववत झाले.

भाऊरावांची राहणी अखेरपर्यंत साधी राहिली. अंगावर खादी, वाढलेली पांढरी दाढी आणि पायी भटकंती असे त्यांचे रूप महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. लोकांनी त्यांना कर्मवीर ही पदवी दिली. १९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. स्वतः मॅट्रिक न झालेल्या माणसाला विद्यापीठाने आपली सर्वोच्च पदवी अर्पण केली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले.

भाऊरावांनी ज्या प्रश्नाला हात घातला, त्याची जबाबदारी पुढे शासनाने स्वीकारली. मद्रास राज्यात मुख्यमंत्री कामराज यांनी १९५६ मध्ये शाळेत दुपारचे जेवण देण्याची योजना मोठ्या प्रमाणावर राबविली. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्र सरकारने प्राथमिक शाळांसाठी देशव्यापी योजना सुरू केली. आरंभी बहुतेक राज्यांत मुलांना दरमहा ३ किलो कोरडे धान्य घरी दिले जाई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेतच शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने ते मुलांचा कायदेशीर हक्क ठरले. २०२१ मध्ये या योजनेला पीएम पोषण हे नाव मिळाले.

आज साताऱ्याजवळच्या खेड्यातील सरकारी शाळा असो, की छत्तीसगडमधील रायपूर शहराच्या पुरानी बस्तीतील, दुपारी मुले ताट घेऊन एका ओळीत बसतात. ती ओळ मोडू नये, कोणाला जातीमुळे बाजूला बसावे लागू नये आणि अन्न निकृष्ट असू नये, यासाठी पालकांनी जागरूक राहणे आवश्यक आहे. दया म्हणून मिळालेल्या वस्तूविषयी तक्रार करण्यास माणूस संकोचतो. हक्काच्या वस्तूविषयी मात्र तो विचारू शकतो. कायद्याने झालेला मोठा बदल हाच होय.

तथापि या कायद्याचा हक्क आठवीपर्यंतचा आहे. मजुराच्या घरातील मूल आठवी संपवून नववीत जाते, तेव्हा त्याची भूक संपलेली नसते. उलट त्याच वयात घरातील लोक त्याच्या हाताकडे कमाईच्या आशेने पाहू लागतात. गळतीच्या आकड्यांमागे अशी अनेक घरे असतात. ज्यांनी स्वतः पोटापायी शाळा सोडली आणि मोठेपणी पुन्हा पुस्तक हाती घेतले, त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. त्यांच्या शेजारी असे एखादे मूल असेल. त्याची शाळा सुटण्यापूर्वी त्याला वसतिगृहाची, शिष्यवृत्तीची किंवा एका वेळच्या जेवणाची वाट दाखविणे, हे भाऊराव आणि लक्ष्मीबाई यांच्या कामाचेच पुढचे पाऊल आहे.