हॉवर्ड ॲशमन : कार्टूनच्या गाण्यात जीव ओतणारा गीतकार



'फ्रोझन' पाहिलेली मुलं त्यातलं गाणं घरभर गात फिरतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. इंग्रजीचे शब्द धड उच्चारता येत नाहीत, अर्थ कळत नाही, तरी गाणं तोंडपाठ! कविता पाठ करून घेताना मात्र आपला घाम निघतो. मग ॲनिमेशनपटातलं एखादं गाणं इतकं का गाजतं? याचं उत्तर शोधायला लागलं, की आपण एका माणसापाशी येऊन पोहोचतो. तो माणूस म्हणजे अमेरिकन गीतकार हॉवर्ड ॲशमन. आज त्यांचा जीवनपरिचय करून घेऊया.

थोडक्यात परिचय
नाव : हॉवर्ड इलियट ॲशमन
जन्म : १७ मे १९५०, बाल्टिमोर, अमेरिका
मृत्यू : १४ मार्च १९९१, न्यूयॉर्क
कार्य : गीतकार, नाटककार, दिग्दर्शक
गाजलेले चित्रपट : द लिटल मर्मेड, ब्यूटी अँड द बीस्ट, अलादीन

बालपण आणि शिक्षण

हॉवर्ड यांना लहानपणापासून नाटकाचा नाद. घरातल्या खेळण्यातल्या बाहुल्यांना ते सजवायचे आणि धाकट्या बहिणीला बसवून त्यांची गोष्ट सांगायचे. बाल्टिमोरमधल्या मुलांच्या नाटकांतही ते काम करत. पुढे त्यांनी नाट्यशास्त्राचंच शिक्षण घेतलं आणि १९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी मिळवली. मग न्यूयॉर्क गाठलं. पोटापाण्यासाठी एका प्रकाशन संस्थेत संपादनाची नोकरी आणि उरलेल्या वेळात नाटक, असं सुरू झालं.

न्यूयॉर्कमध्ये त्यांनी एक छोटं नाट्यगृह चालवायला घेतलं. तिथेच त्यांची संगीतकार ॲलन मेन्केन यांच्याशी जोडी जमली. १९८२ मध्ये दोघांनी 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स' हे संगीत नाटक केलं. माणसं खाणाऱ्या एका झाडाची ही गंमतशीर गोष्ट! लेखन, गीतं आणि दिग्दर्शन तिन्ही ॲशमन यांचं. हे नाटक पाच वर्षांहून जास्त काळ चाललं.

अपयश आणि नवी वाट

यशानंतर अपयशही आलं. १९८६ मध्ये त्यांचं 'स्माइल' हे नाटक मोठ्या अपेक्षेने ब्रॉडवेवर आलं आणि थोड्याच दिवसांत बंद पडलं. ॲशमन फार खचले. त्याच सुमारास डिस्ने कंपनीकडून बोलावणं आलं. तेव्हा डिस्नेच्या ॲनिमेशन विभागाचे दिवस वाईट चालले होते. वॉल्ट डिस्ने जाऊन वीस वर्षं झाली होती आणि १९८५ चा 'द ब्लॅक कॉल्ड्रन' साफ आपटला होता. नाटकातला मोठा माणूस कार्टूनकडे कशाला वळेल, असं कोणालाही वाटलं असतं. पण ॲशमन यांच्या मते संगीत नाटक आणि ॲनिमेशन ही सख्खी भावंडं. माणूस बोलता बोलता गाऊ लागला तर सिनेमात विचित्र वाटतं. खेकडा गाऊ लागला तर कोणालाच काही वाटत नाही!

गाणं कथेच्या पोटातून यायला हवं

'द लिटल मर्मेड' ही हान्स ख्रिश्चन अँडरसन यांच्या जलपरीच्या गोष्टीवर आधारलेली. ॲशमन यांनी इथे नाटकातला एक जुना नियम आणला. गोष्टीच्या सुरुवातीलाच नायिकेने आपल्याला काय हवंय ते गाऊन सांगायचं. एकदा तिची इच्छा प्रेक्षकाला कळली, की पुढचा सगळा वेळ तो तिच्या बाजूने जीव मुठीत धरून बसतो.

म्हणून 'पार्ट ऑफ युवर वर्ल्ड' हे गाणं आलं. एरियल ही जलपरी माणसांच्या वस्तू जमवते, पण तिला त्यांची नावं नीट माहीत नाहीत. गाता गाता ती शब्दासाठी अडते, आठवून बघते, पुन्हा पुढे जाते. पहिलीतलं मूल नवा शब्द जुळवताना जसं थबकतं, अगदी तसंच! लहान मुलांना ती आपली वाटते ती इथेच.

दुसरं उदाहरण सेबॅस्टियन खेकड्याचं. आधी तो इंग्लंडमधल्या एखाद्या खानसाम्यासारखा कडक दाखवायचा विचार होता. ॲशमन यांनी त्याला कॅरिबियन बेटांवरचा करायचं सुचवलं. त्यामुळे कॅलिप्सो संगीताचा ठेका मिळाला आणि 'अंडर द सी' जन्माला आलं. खरं तर खेकडा जलपरीला उपदेश करतोय, की बाई, समुद्रातच राहा. पण उपदेश अशा ठेक्यात आला की पाय आपोआप हलतात.

गाणं कापायची वेळ आली तेव्हा

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग. चित्रपट अर्धवट असताना मुलांना दाखवून पाहिला गेला. 'पार्ट ऑफ युवर वर्ल्ड' सुरू झालं आणि मुलं चुळबुळ करायला लागली. एक मूल तर सांडलेले पॉपकॉर्न गोळा करत बसलं. स्टुडिओचे प्रमुख जेफ्री कॅट्झेनबर्ग यांनी ठरवलं, की मुलं कंटाळतात, तर हे गाणं काढून टाकायचं.

ॲशमन अडून बसले. हे गाणं गेलं तर जलपरीला काय हवंय तेच कळणार नाही आणि पुढची गोष्ट पोकळ होईल, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. दिग्दर्शक रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर, तसंच एरियलची चित्रं काढणारे ग्लेन कीन हेही गाण्याच्या बाजूने उभे राहिले. मुलांनी पाहिलेला भाग तेव्हा कच्च्या रेखाटनांचा होता, रंग भरायचे बाकी होते. काम पुढे सरकल्यावर पुन्हा चित्रपट दाखवला, तेव्हा मुलं शांत बसली. गाणं वाचलं!

रेकॉर्डिंगच्या वेळीही त्यांनी असाच जीव लावला. एरियलचा आवाज देणाऱ्या जोडी बेन्सन यांच्यासाठी खोलीतले दिवे मंद केले, ते स्वतः शेजारी उभे राहिले. मोठ्याने गाण्यापेक्षा आतून गाणं त्यांना हवं होतं.

आजारपण आणि शेवटची वर्षं

याच काळात, १९८८ मध्ये, त्यांना एड्स झाल्याचं निदान झालं. तेव्हा या आजारावर आजच्यासारखे उपचार नव्हते आणि समाजात भीती फार. त्यात काम मुलांच्या चित्रपटाचं. कळलं तर काम हातून जाईल या धास्तीने त्यांनी ही गोष्ट लपवली. मार्च १९९० मध्ये 'अंडर द सी'ला ऑस्कर मिळालं. त्यानंतर न्यूयॉर्कला परतल्यावर त्यांनी मेन्केन यांना खरं सांगितलं.

मग 'ब्यूटी अँड द बीस्ट'चं काम करणारी मंडळी कॅलिफोर्नियाहून त्यांच्या घराजवळ न्यूयॉर्क राज्यात येऊन बैठका घेऊ लागली. शक्ती संपत चालली तरी लेखन थांबलं नाही. पुढे तर अंथरुणावरून फोनवर रेकॉर्डिंग ऐकून ते सूचना देत. 'अलादीन'मधलं 'प्रिन्स अली' हे धमाल गाणं त्यांनी रुग्णालयात असताना लिहिलं, हे समजल्यावर ते गाणं वेगळंच ऐकू येतं.

१४ मार्च १९९१ ला, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी ते गेले. 'ब्यूटी अँड द बीस्ट' त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आला, त्यांनाच अर्पण करून. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला तो पहिला ॲनिमेशनपट. १९९२ मध्ये त्याच्या शीर्षकगीताला ऑस्कर मिळालं आणि ते ॲशमन यांच्या वतीने त्यांच्या जोडीदाराने स्वीकारलं. 'अलादीन'ची उरलेली गीतं टिम राइस यांनी पूर्ण केली.

मग गाणी एवढी का गाजली?

कारणं एकापेक्षा जास्त आहेत. व्हिडिओ कॅसेट घरोघरी आल्या होत्या, त्यामुळे मुलं एकच चित्रपट पुन्हा पुन्हा बघत आणि गाणी पाठ होत. शिवाय शीर्षकगीत सेलिन डिऑन आणि पीबो ब्रायसन यांच्या आवाजात वेगळं करून रेडिओवर वाजलं, म्हणजे मोठी माणसंही ऐकू लागली. पण हे सगळं जाहिरातीचं आणि सोयीचं झालं. कॅसेट तर इतर चित्रपटांच्याही होत्या! मूल शंभराव्यांदा तेच गाणं लावतं, कारण त्या गाण्यात एका पात्राची खरी ओढ असते आणि ती ओढ मुलाच्या ओळखीची असते. 'फ्रोझन'मध्येही तेच झालं. एल्सा आधी खलनायिका होणार होती; तिचं गाणं तयार झाल्यावर तिच्या मनातलं दुःख कळलं आणि कथाच बदलावी लागली.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१) पाठ्यपुस्तकातल्या गोष्टीतलं एक पात्र निवडा. त्याला काय हवंय, हे मुलांना चार ओळींच्या गाण्यात लिहू द्या. चाल मुलांनाच लावू द्या.
२) तीच कविता वेगळ्या ठेक्यात म्हणून बघा. एकदा पाळण्याच्या चालीत, एकदा लेझीमच्या तालावर. कोणती चाल शब्दांना शोभते, यावर मुलं छान बोलतात.
३) पालकांनी मुलाच्या आवडत्या गाण्याबद्दल एकच विचारावं : हे गाणारं पात्र खूश आहे की दुःखी, आणि का? उत्तर ऐकताना आपलं मूलही थोडं कळतं.

आणि एक गोष्ट आपल्यासाठी. एखादी शांत, सुंदर कविता शिकवताना वर्ग चुळबुळ करायला लागला, की ती गुंडाळून पुढे जायचा मोह होतो. अशा वेळी सांडलेल्या पॉपकॉर्नची गोष्ट आठवावी. कदाचित कविता चांगलीच असेल, आपले रंग भरायचे राहिले असतील.